धूर म्हणजे जळून गेलेला पैसा! गावची हवा गावानेच कशी सांभाळायची?

थंडी पडली की ऊसपट्ट्यातल्या गावांत संध्याकाळचं चित्र ठरलेलं असतं. कारखाने सुरू झालेले, गुऱ्हाळांची चुलवाणं पेटलेली, तोडणी झालेल्या फडात कुणीतरी पाचटाला काडी लावलेली, ओढ्याकाठी कचऱ्याचा ढीग धुमसतोय आणि घरोघरी अंघोळीच्या पाण्याचे बंब पेटलेले. दिवेलागणीला गावावर निळसर धूर उतरतो. डोळे चुरचुरतात, दम्याचा त्रास असलेली म्हातारी माणसं रात्रभर खोकतात, लहान लेकरांचा सर्दी-खोकला हटत नाही.

हवेच्या प्रदूषणाचं नाव निघालं की दिल्ली-मुंबईची चर्चा होते. मात्र केंद्राने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगली, कोल्हापूर, सोलापूर ही शहरंही आहेत. यादी शहरांची आहे, पण धूर नगरपालिकेची हद्द बघून थांबत नाही. गावात बहुतेक ठिकाणी हवा मोजायचं यंत्र नाही आणि रोज तपासणीला कुणी साहेबही येत नाही. त्यामुळे इथं जे काही व्हायचं ते गावकऱ्यांनी आणि गावातल्या व्यावसायिकांनी स्वतःहून केलं तरच होईल. यातली बरीच कामं करणाऱ्याच्याच फायद्याची आहेत.

हिवाळ्यातच धूर का साचतो?

एरवी जमिनीजवळची गरम हवा वर जाते आणि धूर सोबत घेऊन जाते. थंडीत सूर्य मावळला की जमीन लवकर गार पडते. तिच्यालगतची हवाही गार होते, आणि वर मात्र तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. हा थर झाकणासारखं काम करतो. धूर वर जात नाही, गावातच फिरत राहतो. सकाळी ऊन तापल्यावर तो पांगतो. म्हणून तेवढाच जाळ दुपारी केला तर त्रास कमी, आणि संध्याकाळी किंवा पहाटे केला तर जास्त.

धुरातले सर्वात घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसात खोलवर जातात. भारतात त्यांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून ती १५ सांगितली आहे.

धुराचा रंग ओळखा

यंत्र नसलं तरी धुराकडे बघून बरंच कळतं.

- काळा धूर: जाळाला हवा कमी पडतेय, किंवा टायर, प्लास्टिक, जुनं ऑईल जळतंय.
- दाट पांढरा धूर: जळण ओलं आहे. बराच जाळ पाणी उडवण्यातच खर्च होतोय.
- जवळपास न दिसणारा धूर: जळण नीट जळतंय, उष्णता कामाला लागतेय.

काळा धूर म्हणजे न जळता वर गेलेलं इंधन. ज्याने ते विकत घेतलं, त्याच्याच खिशातून ते जातं.

पाचट: एका काडीने जाणारं खत

हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघतं, म्हणजे एकरी ३ ते ४ टन. त्यात अंदाजे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्के पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. हिशोब केला तर एका एकराच्या पाचटात १५ ते २० किलो नत्र आहे, म्हणजे युरियाच्या जवळपास एका गोणीएवढं. पेटवल्यावर नत्र आणि कर्ब हवेत जातात, हाती उरते ती राख. वरून ठिबकच्या नळ्या जळायची आणि शेजाऱ्याचा उभा ऊस पेटायची भीती वेगळीच.

तरीही शेतकरी पाचट का पेटवतो? कारण काडी फुकट आहे आणि मजूर महाग. ही अडचण खरी आहे. त्यावर शेतात करता येईल असा मार्ग असा:

- तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटा आणि पाचट सरीत दाबा. खोडव्याची डोकी मोकळी ठेवा.
- एक टन पाचटाला साधारण ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरा. जिवाणू शेणखतात मिसळून टाका आणि मग पाणी द्या.
- हा युरिया वाया जात नाही. पाचट कुजलं की तो पिकालाच परत मिळतो.
- ट्रॅक्टरवर चालणारं पाचट कुट्टीचं यंत्र एकट्याला परवडत नाही. गट, सोसायटी किंवा अवजार बँकेतून ते भाड्याने मिळालं तर मजुरीचा प्रश्न बराच सुटतो.

पाचटाने जमीन झाकली की ओल टिकते आणि तणही कमी उगवतं. नत्र मात्र लगेच नाही, हळूहळू मिळतं. पहिल्याच महिन्यात फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. भीती वाटत असेल तर पहिल्या वर्षी एकाच एकरात करून बघावं.

गुऱ्हाळ आणि वीटभट्टी

गुऱ्हाळात चिपाड पुरेसं वाळलेलं असेल तर बाहेरचं जळण फार लागत नाही. चिपाड ओलं राहिलं की मग टायर किंवा प्लास्टिकचा कचरा टाकायचा मोह होतो. त्याचा धूर गुळाच्या काहिलीशेजारी राबणाऱ्या माणसांच्याच छातीत जातो. चिपाड झाकून ठेवणं, एकदम न कोंबता थोडं थोडं टाकणं आणि चुलवाणाची राख वेळेवर काढणं एवढ्यानेही धूर उतरतो.

वीटभट्ट्यांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढून झिगझॅग किंवा उभ्या शाफ्टच्या पद्धतीकडे वळायला सांगितलं आहे. झिगझॅगमध्ये गरम हवा विटांच्या रचनेतून नागमोडी फिरते. जुन्या चिमणीच्या भट्टीच्या मानाने साधारण पाचवा हिस्सा कोळसा वाचतो. लहान भट्टीवाल्याला हा खर्च मोठा आहे. तोवर कच्च्या विटा पूर्ण वाळवणं, मातीत राख किंवा भाताचं तूस मिसळणं, भट्टी बाहेरून मातीने नीट लिंपणं आणि टायर न जाळणं हे त्याच्या हातात आहे. नवी भट्टी टाकताना शाळा, वस्ती आणि वाऱ्याची दिशा आधी बघावी.

हॉटेल, बेकरी, खडी क्रशर

मुंबईत लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूर स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला द्यावा लागला. गावाकडच्या ढाब्याने आणि बेकरीने आदेशाची वाट बघायची गरज नाही. गॅस परवडत नसेल तर निदान वाळलेलं लाकूड आणि उंच धुराडं हवंच. क्रशरवर पाण्याचे फवारे, भोवती पत्रे आणि झाडांची रांग, तर खडी-मातीच्या गाड्यांवर ताडपत्री एवढं केलं तरी रस्त्यालगतच्या पिकांवर बसणारी धूळ कमी होते.

घरातला धूर

चुलीपाशी रोज तास-दोन तास बसणाऱ्या बाईला सर्वात जास्त धूर सोसावा लागतो. गॅस असूनही सिलिंडर पुरवायचा म्हणून अनेक घरांत पाणी आणि भाकरी चुलीवरच होते. अशा घरांत धुराडं असलेली सुधारित चूल, वाळलेली लाकडं आणि उघडी खिडकी यांचा उपयोग होतो. बंबात प्लास्टिकच्या पिशव्या अजिबात टाकू नयेत. पीव्हीसीसारखं प्लास्टिक जळालं की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच दिला आहे. पण घंटागाडीच येत नसेल तर माणूस कचरा टाकणार कुठं? ती सोय ग्रामपंचायतीने करायला हवी.

ग्रामसभेत काय ठरवता येईल?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं ठरवलं. कुठलाही कायदा नव्हता, गावाचा शब्द होता. हवेबाबतही असं ठरवता येतं:

१. सूर्यास्तानंतर आणि पहाटे गावात उघड्यावर काहीही जाळायचं नाही.
२. टायर, प्लास्टिक, जुनं ऑईल हे जळण म्हणून कुणी विकणार नाही आणि कुणी वापरणार नाही.
३. पाचट न पेटवणाऱ्या शेतकऱ्यांना कुट्टी यंत्रासाठी आधी नंबर.
४. सुका कचरा आठवड्यातून ठरलेल्या दिवशी गोळा करायचा.
५. धूर कमी करणाऱ्या भट्टी, गुऱ्हाळ, हॉटेलवाल्याचा २६ जानेवारीला सत्कार.

राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' अभियानात वायू हा पाच घटकांपैकी एक आहे, त्यामुळे अशा कामाची नोंद तिथंही करता येते.

सुरुवात दंडाने करू नये. ज्याचा धूर जास्त, त्याच्याकडे आधी दोन जाणत्या माणसांनी जाऊन बोलावं, त्याची अडचण ऐकावी. बऱ्याचदा ओलं जळण, नसलेलं यंत्र किंवा न येणारी घंटागाडी एवढंच कारण निघतं. सांगूनही कुणी ऐकत नसेल, तर ग्रामपंचायत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार करण्याचा मार्ग खुला आहेच.