नळदुर्ग, एक फुल

शुक्रवारी चहाच्या वेळी ऑफिसात ठरलेला प्रश्न येतो, "वीकेंडला कुठे?" कोणी राजगड म्हणतं, कोणी हरिश्चंद्रगड. मी म्हणालो, "सोलापूर."

"घरी का?"

"नाही, ट्रेकला."

जो हशा झाला तो शेजारच्या क्युबिकलपर्यंत ऐकू गेला. :) सोलापूर म्हणजे चादर, शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि कडक ऊन. तिथे कसला आलाय ट्रेक? त्यातून मी एसटीने जाणार म्हटल्यावर तर माझ्या तब्येतीचीच चौकशी सुरू झाली.

तर हा लेख त्या हशाला उत्तर म्हणून. सोबत थोडा इतिहास, कारण या वाटेवर तो टाळता येत नाही.

आधी भूगोल. सह्याद्रीतून एक फाटा पूर्वेकडे निघतो आणि मराठवाड्यात उतरत जातो. हा बालाघाट. सगळा काळा कातळ, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. सह्याद्रीत डोंगर दहा मैलांवरून दिसतो आणि "ये" म्हणतो. इथे उलटा प्रकार. सपाट माळ, ज्वारी, बोरी-बाभळी, आणि चालता चालता अचानक पायाखाली दरी. पाण्याने थर कापत कापत केलेली. पाऊस कमी असल्याने झाडी दरीचं अंग झाकत नाही आणि कातळाचे पट्टे उघडे दिसतात. ग्रँड कॅन्यनचे फोटो पाहून आलेल्यांनी तेवढी अपेक्षा ठेवू नये, पण जात तीच.

अशी एक दरी सोलापूरपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. हैदराबादच्या रस्त्यावर, नळदुर्गला. सोलापूर स्टँडवरून उमरग्याकडे जाणारी कुठलीही गाडी चालते. "नळदुर्ग, एक फुल" म्हणायचं आणि खिडकी पकडायची. बोरामणी मागे पडतं, थोड्या वेळाने जिल्हा बदलल्याची पाटी येते आणि तासाभरात नळदुर्ग. स्टँडवरून किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. आत फिरायला तीन-चार तास ठेवा. टोपी आणि दोन लिटर पाणी विसरू नका, उन्हाळ्यात तर जाऊच नका.

बोरी नदी इथे कातळात वळण घेते आणि त्या वळणावर किल्ला आहे. नाव नळराजाशी जोडलं जातं, पण दगडात जे दिसतं ते बरंचसं आदिलशाहीचं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, दरीत आडवा बंधारा घातला गेला. त्यामुळे किल्ल्याला पाणी मिळालं आणि शत्रूपुढे खंदक तयार झाला. बंधाऱ्यावरून पलीकडे गेलं की रणमंडळ हा जोडकिल्ला लागतो. म्हणजे एकाच भिंतीत धरण, पूल आणि तटबंदी. आमच्या धंद्यात एका मोड्यूलने तीन कामं केली तर कोड रिव्ह्यूत शिव्या पडतात. इथे ते चारशे वर्षं चाललंय!

या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. जिना उतरून भिंतीच्या आतल्या दालनात जायचं आणि खिडकीतून बाहेर बघायचं. वरचं बोरी धरण भरून वाहायला लागलं की बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आतली माणसं कोरडी राहतात. वर्षातले बरेचसे दिवस मात्र दोन्ही कोरडे असतात. मी गेलो तेव्हाही कोरडेच होते. सांगायला संकोच वाटतो, पण मला ते बरं वाटलं. पाणी नसलं की बांधकाम नीट बघता येतं आणि सेल्फीवाल्यांची रांगही नसते.

मग उपळी बुरूज चढायचा. किल्ल्यातली सगळ्यात उंच जागा. वर उभं राहिलं की किल्ला इथेच का, हे लगेच कळतं. सोलापूर ते हैदराबाद या वाटेवर बोरी ओलांडावीच लागते. ती जिथे ओलांडायची, त्या जागेवर या बुरुजाची नजर आहे. राजे बदलले तरी ओलांडायची जागा बदलली नाही. विजापूर, मग मोगल, मग निजाम. १८५३ साली निजामाकडून हा भाग इंग्रजांनी घेतला, तेव्हा इथला कारभार बघायला आलेला अधिकारी होता फिलिप मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीने आधीच नाव मिळवलेला लेखक. तो १८५७ पर्यंत इथे होता आणि राहायला किल्ल्यातच होता. पुढे त्याने तुळजापुरात सुरू होणारी 'तारा' नावाची कादंबरी लिहिली, ती १८६३ ची. १८६० साली इंग्रजांनी हा भाग निजामाला परत केला. आणि त्याच १८६० साली रेल्वे सोलापुरात पोचली.

इथून पुढे माझी गोष्ट सुरू होते.

सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, नळदुर्ग निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मघाशी तुम्ही एसटीत डुलकी काढत जी पाटी मागे टाकलीत, तिथे त्या काळी सरहद्द होती. पलीकडे नाणं वेगळं, त्याला हाली शिक्का म्हणत. मालावर जकात घ्यायला करोडगिरीचा नाका. आणि एक गंमत ऐका. सरकारी बसच्या बाबतीत निजाम आपल्या पुढे होता. हैदराबाद संस्थानाने १९३२ साली २७ गाड्यांवर सरकारी बससेवा सुरू केली होती. आपली एसटी पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) रस्त्यावर पहिल्यांदा धावली ती १ जून १९४८ ला.

१ जून १९४८ ही तारीख लक्षात ठेवा. देश स्वतंत्र होऊन दहा महिने झाले होते, पण हैदराबाद संस्थान भारतात आलेलं नव्हतं. रझाकारांची दहशत वाढत होती आणि सीमेपलीकडची माणसं सोलापूरकडे येत होती. त्यात माझे आजोबा होते. नळदुर्गजवळच्या एका खेड्यातले, तेव्हा वय वर्षं एकोणीस, सोबत आई आणि धाकटी बहीण.

आजोबा याबद्दल फार बोलत नसत. कितीही विचारलं तरी दोन-तीन वाक्यांवर गाडी थांबायची. रस्त्याने आलो नाही, कारण नाके होते. रात्री बोरीच्या काठाने आलो. "पाणी जिकडं जातंय तिकडं चालायचं, एवढंच ठाऊक होतं," असं म्हणायचे. नकाशा उघडा म्हणजे त्याचा अर्थ लागेल. बोरी नळदुर्गहून दक्षिणेकडे अक्कलकोट तालुक्यात उतरते आणि पुढे भीमेला मिळते. अक्कलकोट संस्थान त्याच वर्षी मुंबई प्रांतात विलीन झालं होतं. नदीला सरहद्द नव्हती, म्हणून तिच्या काठाने गेलं की माणूस आपोआप पलीकडे. दोन रात्री चालले आणि अक्कलकोट रोड स्टेशनवर सोलापूरची गाडी पकडली. तिकिटाला पैसे होते का, हे विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

त्याच वर्षी १३ सप्टेंबरला पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून याच रस्त्याने आत शिरलं. मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी यांच्या हाताखाली. पहिली चकमक कुठे झाली असेल? अर्थात नळदुर्गला. बोरीवरचा पूल उडवला गेला असता तर रणगाड्यांना तिथेच खोळंबून राहावं लागलं असतं. पण सातव्या ब्रिगेडने तो शाबूत ताब्यात घेतला आणि मग दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या ठाण्यावर चाल केली. १६१३ साली जे गणित होतं तेच १९४८ सालीही होतं: बोरी ओलांडायची जागा ज्याची, रस्ता त्याचा. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून शाळेत झेंडावंदन असतं, तो हाच दिवस.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि पुढे दोन्हीकडच्या बसगाड्या एकाच महामंडळात गेल्या. आज कंडक्टर सरहद्दीवर टिंगटिंगसुद्धा करत नाही.

एकाच दिवसाने समाधान झालं नाही तर दुसरी दरी उत्तरेला आहे. येडशीजवळचं रामलिंग. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव करत बीडकडे जाणाऱ्या एसटीने येडशी गाठायची. बालाघाटाच्या घळीत उतरलेलं महादेवाचं देऊळ, भोवती अभयारण्य आणि पिशवी हिसकावणारी माकडं. रावण-जटायूची लढाई इथे झाली असं सांगतात.

इथे रेल्वेनेही जाता येतं आणि त्यामागेही त्याच सरहद्दीची गोष्ट आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे टाकली, ती १८९७ साली सुरू झाली. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत, लातूरचा कापूस निजामाच्या. ती छोटी गाडी हद्द ओलांडून, येडशीवरून १९११ पर्यंत लातूरला पोचली. (याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं. साइड प्रोजेक्ट असावा तर असा!) २००७-०८ मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाला, थोडा वळवून धाराशिवलाही नेला, पण येडशी स्टेशन राहिलं.

असो. पहिल्या दिवसाकडे परत येतो. उपळी बुरुजावरून मी बराच वेळ दक्षिणेकडे बघत बसलो. बोरी माळात शिरते आणि दिसेनाशी होते. मनात हिशेब चालू होता: एकोणीस वर्षांचा मुलगा, बरोबर दोन बायका, पायात काय असेल कोण जाणे, अंधार आणि हे खडक. माझ्याकडे ट्रेकिंगचे बूट, सनस्क्रीन आणि परतीच्या गाड्यांची वेळ. मी ज्याला छंद म्हणतो तेच चालणं त्यांनी नाइलाजाने केलं होतं. आजोबा नंतर चाळीसेक वर्षं सोलापुरात राहिले. एसटी दारावरून जात होती, पण ते नळदुर्गला परत कधीच गेले नाहीत. मी "का" असं एकदाही विचारलं नाही. तेव्हा मला राजगड करायचा होता.

परत येताना गाडीत गर्दी होती. बाबांना फोन लावला. ते सोलापुरातच जन्मले, वाढले, तरी त्यांनीही किल्ला पाहिलेला नाही. म्हणाले, "पाऊस पडू दे, धरण भरू दे. मग जाऊ." मी म्हटलं, गाडी घेऊन येतो. तर म्हणाले, "गाडी कशाला? एसटी आहे की."

तेव्हा ज्यांना यायचंय त्यांनी कळवा. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता, ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.