वेदनेचा खर्च : हृदयविकार, कर्करोगाहूनही जड

हृदयविकार, कर्करोग आणि मधुमेह हे खर्चिक आजार म्हणून सर्वपरिचित आहेत. दीर्घकालीन वेदनेचे नाव या यादीत सहसा घेतले जात नाही. कंबर, मान वा गुडघ्यांचे दुखणे वयाचे किंवा कष्टाचे म्हणून अंगावर काढले जाते. आर्थिक हिशेबात मात्र ते या तिन्ही आजारांना मागे टाकते.

अमेरिकेतील डॅरेल गॅस्किन आणि पॅट्रिक रिचर्ड या आरोग्य-अर्थतज्ज्ञांनी हा हिशेब मांडला व तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० च्या किमतींनुसार वेदनेचा त्या देशावरील वार्षिक भार ५६० ते ६३५ अब्ज डॉलर भरला. तुलनेसाठी दिलेले आकडे असे : हृदयविकार ३०९, कर्करोग २४३ आणि मधुमेह १८८ अब्ज डॉलर. ही तुलना अगदी काटेकोर मानता येत नाही. कर्करोगात वेदना असतेच, मधुमेहातही पायांच्या नसा दुखतात. त्यामुळे काही रक्कम दोन्ही खात्यांत येऊ शकते. उलट, रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांचे श्रम या हिशेबात धरलेलेच नाहीत.

एकूण आकड्यापेक्षा त्याची फोड अधिक बोलकी आहे. उपचारांवरील खर्च २६१ ते ३०० अब्ज, तर उत्पादकतेतील घट २९९ ते ३३५ अब्ज. या घटीत रजेच्या दिवसांचा वाटा जेमतेम १२ अब्जांच्या आसपास. सर्वांत मोठी रक्कम, १९१ ते २२६ अब्ज, कमी मिळालेल्या वेतनाची आहे. म्हणजे दुखणारा माणूस घरी बसत नाही. तो कामावर जातो आणि कमी कमावतो. असे नुकसान हजेरीपटावर दिसत नाही.

वसई-विरारमध्ये हे चित्र ओळखीचे वाटेल. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर, आणि बहुतेकांच्या वाट्याला येतो तो उभ्याने प्रवास. या प्रवासामुळेच कंबर दुखते असे सरसकट म्हणता येणार नाही, पण दुखणाऱ्या कंबरेला तो सोसत नाही. मग घराजवळचे, कमी पगाराचे काम पत्करावे लागते. वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यातील ओझी उचलणारा कामगार किंवा भाजी-फुलांच्या पाट्या घेऊन मुंबई गाठणारी विक्रेती यांना तेवढाही पर्याय नसतो.

सरकारी संरक्षण प्रामुख्याने रुग्णालयाच्या बिलापुरते आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील प्रति कुटुंब संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आले. तिची रचना ठरावीक शस्त्रक्रिया व दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांभोवती आहे. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचे उपचार त्यात बसतात. वर्षानुवर्षे घ्याव्या लागणाऱ्या गोळ्या आणि बुडालेला रोज बसत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाच्या रजेत सुमारे ७० टक्के वेतन, वर्षाला कमाल ९१ दिवस मिळते. अर्थात विमाधारक कामगारालाच. घरकामगार, फेरीवाले आणि नाक्यावरचे मजूर तिच्या बाहेर राहतात. देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भाग २०२१-२२ मध्ये थेट नागरिकांच्या खिशातून गेला. लहान लहान रकमांत होणारा वेदनेचा खर्च बहुतांशी याच वाटेने जातो.

सर्वच वेदनाशमन महाग आहे असेही नाही. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरील मॉर्फिन स्वस्त औषध आहे. अडचण परवान्यांची होती. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि अनेक परवान्यांची गरज संपली. तरीही ते ठेवणारी व देणारी रुग्णालये मोजकीच आहेत.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले. ही आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तोवर केसपेपरवर नोंद होत असे ती गुडघ्याच्या झिजेची किंवा सरकलेल्या चकतीची. दुखण्याची अशी स्वतंत्र नोंद सहसा होत नसे.