ऐकवणाऱ्यांचं मंडळ

बुलढाणा जिल्ह्यातलं साखरखेर्डा म्हटलं की इतिहासाच्या अभ्यासकाला १७२४ ची लढाई आठवते. निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाचा इथे पाडाव केला आणि हैदराबादच्या असफजाही राज्याचा पाया पक्का झाला. गाण्याच्या माणसाला या मुलखाची दुसरी ओळख आहे, ती शेजारच्या शेंदुर्जनची. कवी ना. घ. देशपांडे १९०९ साली तिथे जन्मले, पुढे मेहकरात त्यांनी वकिली केली आणि आयुष्यभर तिथूनच कविता लिहिली. त्यांच्या ‘शीळ’ या कवितेला गायक जी. एन. जोशी यांचा आवाज मिळाला आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची रेकॉर्ड निघाली. मराठी भावगीताचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या तबकडीपासून सुरुवात करतात. ‘शीळ’ हा कवितासंग्रह पुस्तकरूपाने आला तो १९५४ साली. म्हणजे कवीचं पुस्तक वाचकाच्या हाती पडण्याच्या वीसेक वर्षं आधीच त्याची कविता लोकांच्या कानांत जाऊन बसली होती. हे काम एका लाखेच्या तबकडीने केलं.

तबकडी गावात पोचायची कशी, हेही सांगायला हवं. घरात चावीचा फोनो असणं ही चैनीची बाब होती. एखाद्या देशमुखाच्या, व्यापाऱ्याच्या किंवा वकिलाच्या वाड्यात तो असे, आणि तो वाजू लागला की ओसरीबाहेरही माणसं उभी राहत. पुढे लग्नातला कर्णा आला. लाऊडस्पीकरवाल्याच्या पेटीत ज्या प्लेटा असतील, त्या सगळ्या आळीच्या मालकीच्या होऊन जात. कोणाला कुठली प्लेट आवडते हे त्याला पाठ असे. रेकॉर्ड विकत घेणारा एक आणि ऐकणारे शंभर, असाच हा हिशेब होता. म्हणूनच मला वाटतं, रेकॉर्ड जमवणाऱ्यांची संस्था आपल्याकडे निघाली तेव्हा तिचं खरं काम जमवण्यापेक्षा ऐकवण्याचं असणार, हे ठरल्यासारखंच होतं.

ही संस्था म्हणजे ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’. स्थापना मुंबईत, १९९० साली. नारायण मुलानी अध्यक्ष झाले आणि डॉ. सुरेश चांदवणकर मानद सचिव. चांदवणकर तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ होते. नोकरी विज्ञानाची आणि ध्यास जुन्या आवाजांचा. स्थापनेत मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाचाही वाटा होता. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या रेकॉर्डची पद्धतशीर सूची करणारा हा माणूस. ग्रामोफोन कंपनीच्या १९०८ पर्यंतच्या भारतीय रेकॉर्डवरचं त्याचं पुस्तक १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढलं.

स्थापनेचा तो काळ लक्षात घ्या. कॅसेटने घराघरांतून रेकॉर्डला हद्दपार केलं होतं आणि सीडी दारात उभी होती. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांचं उत्पादन तर १९७० च्या आसपासच थांबलेलं. फोनोची सुई मिळेना, स्प्रिंग तुटली तर दुरुस्त करणारा मिळेना. माळ्यावरचे गठ्ठे भंगारात जायला लागले होते आणि मुंबईच्या चोरबाजारात ते धूळ खात पडलेले दिसत. संग्राहक मंडळी तिथेच एकमेकांना भेटायची. प्रत्येकाचा स्वतंत्र छंद होता. कोणी नाट्यपदांचा, कोणी भाषणांचा, कोणी सैगलचा, कोणी केवळ एकाच गायिकेचा. या एकांड्या शिलेदारांना एकत्र बसवणं हे संस्थेचं पहिलं आणि सगळ्यांत अवघड काम होतं. संग्राहक स्वभावाने हातचं राखून ठेवणारा असतो, आणि दुर्मीळ प्लेट आपल्याकडे आहे हे सांगायलाही तो कचरतो. ती चारचौघांत आणून लावायची, तिची प्रत दुसऱ्याला करू द्यायची, म्हणजे मन मोठं करावंच लागतं.

श्रवणसत्र हा या वाटचालीचा कणा. एकाने आपल्या संग्रहातल्या निवडक तबकड्या आणायच्या, एकेक लावायची, गायकाविषयी माहिती सांगायची आणि मग बाकीच्यांनी तुटून पडायचं. कशावरून वाद होतात ते ऐकलं तर नवख्याला नवल वाटेल. साडेतीन मिनिटांत संपणाऱ्या या तबकडीच्या लेबलवर बहुतेकदा साल नसतं. कंपनीचं नाव, भाषा, गायकाचं नाव, रागाचं नाव आणि एक क्रमांक एवढंच. साल काढायचं ते त्या क्रमांकावरून आणि लेबलाच्या कडेला लाखेतच कोरलेल्या दुसऱ्या, बारीक क्रमांकावरून. तो मूळ ध्वनिमुद्रणाचा असतो. शेजारशेजारचे क्रमांक जुळवत गेलं की एखाद्या दिवशी त्या खोलीत कोण कोण गाऊन गेलं हे उलगडतं. मग वेगाचा प्रश्न येतो. सुरुवातीच्या कित्येक तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. वेग जास्त झाला की गायकाची पट्टी वर चढते आणि आवाज पातळ होतो. तेव्हा ज्याने त्या गायकाला प्रत्यक्ष मैफलीत ऐकलंय असा एखादा वृद्ध श्रोता हात वर करून सांगतो, ‘जरा खाली घ्या.’ त्याचा कान हाच पुरावा. अशी साक्ष त्या माणसाबरोबरच संपते, म्हणून ती त्याच वेळी टिपून ठेवणं किती मोलाचं, हे या मंडळींना नेमकं कळलं होतं.

टिपण ठेवण्यासाठी १९९१ पासून ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक निघालं. सुरुवातीला त्रैमासिक, नंतर वार्षिक. त्यात कलावंतांवरचे लेख, रेकॉर्डच्या सूची, जुन्या कंपन्यांच्या कॅटलॉगांची माहिती आणि शाखांच्या कार्यक्रमांचे वृत्तांत आले. सभासदांच्या वर्गणीवर असं नियतकालिक चालवणं म्हणजे काय, हे छोटी नियतकालिकं चालवणाऱ्या कुणालाही विचारा. आज त्याचे अंक शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयात कुणालाही फुकट वाचता येतात.

आणि संस्था मुंबईत अडकून पडली नाही, याचा मला वैयक्तिक आनंद आहे. सोलापूर, तुळजापूर, नांदेड, अमरावती, बडोदे अशी केंद्रं झाली. ही यादी पुन्हा वाचा. यात कलकत्ता-दिल्लीची ऐट नाही. नाटक कंपन्यांचे मुक्काम जिथे पडत, जत्रा भरत, कापसाचा पैसा खेळत असे, त्या वाटांवरची ही गावं आहेत. तबकड्या जिथे विकल्या गेल्या तिथेच त्या सापडणार, हे साधं गणित. अमरावतीच्या केंद्रामुळे वऱ्हाडातल्या रसिकाला हक्काचं ठिकाण मिळालं.

या सगळ्या खटाटोपाची गरज कशी पडते, हे सांगायला दोन नावं पुरेत. संगीत नाटकांतले गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत गेले. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग यंत्रं घेऊन कलकत्त्याला उतरला तो १९०२ च्या अखेरीस, आणि नोव्हेंबरात गायिका गौहर जानच्या पहिल्या तबकड्या झाल्या. जेमतेम दोन वर्षांची चुकामूक, आणि ज्या आवाजाने महाराष्ट्र वेडा केला तो कायमचा हरवला. गौहर जान मात्र गाणं संपताना स्वतःचं नाव पुकारत असे, कारण तबकड्या छापल्या जात त्या जर्मनीत, हानोवरला, आणि तिथल्या कारागिरांना लेबल कुणाचं लावायचं ते कळायला हवं. कलकत्त्याला सियालदहचा कारखाना निघाला तो १९०८ साली. त्या एका पुकाऱ्यामुळे आज सव्वाशे वर्षांनीही ती बाई आपल्याला नावानिशी भेटते. बाकी किती जणींचं नाव लेबलावरून पुसलं गेलं असेल.

काही वेळा नाव गाळलेलंही असे. शिकलेल्या घरातला मुलगा किंवा मुलगी गायली, तर लेबलावर ‘अॅमेच्युअर’ असं छापलं जाई, म्हणजे पोटासाठी गाणाऱ्यांपैकी हे नव्हेत याची ग्वाही. या एका छापील शब्दात त्या काळच्या समाजाची सगळी भीड साठलेली आहे. अशा नवख्यांना आणि हौशींना सर्वांत जास्त जागा दिली ती ‘यंग इंडिया’ या देशी कंपनीने. १९३५ साली मुंबईत सुरू झालेली ही कंपनी विसाव्या वर्षाच्या आसपास बंद पडली. मोठ्या कंपन्यांनी नावाजलेले गायक आपल्याकडे बांधून ठेवलेले, म्हणून हिने नवे गळे शोधले. चांदवणकरांनी ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दफ्तरांविषयीच्या योजनेतून या कंपनीच्या तबकड्यांचं डिजिटल रूपांतर करून घेतलं. माझ्या मते संस्थेच्या परिवारातून झालेलं हे सर्वांत महत्त्वाचं काम. प्रसिद्ध आवाज कुणीतरी जपतंच, अप्रसिद्ध आवाजांना असं कोणीतरी लागतं.

एकाच्या आवडीची रेकॉर्ड किती दूर जाऊ शकते, याचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरणही मराठी मुलखाशीच जोडलेलं आहे. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अवकाशयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवायची ठरली, तेव्हा भारतीय संगीतातून काय घ्यावं यासाठी रॉबर्ट ब्राऊन या संगीत अभ्यासकाने गायिका केसरबाई केरकरांची भैरवीची रेकॉर्ड सुचवली. ती मिळेना. शेवटी ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली, टेबलाखालच्या खोक्यात. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते, पण त्यांची तबकडी नाही. शिष्येचा आवाज सूर्यमालेच्या पलीकडे निघाला आणि गुरूचा आवाज आपल्याकडे नाही, हे मला अजूनही पचत नाही.

नव्या काळात संस्थेपुढचे प्रश्न बदलले. तबकडीवरून आवाज उतरवून घेणं सोपं झालं, इंटरनेटवर तो हजारो लोकांपर्यंत क्षणात जातो. भारतीय कायद्याने ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षांचा असल्यामुळे १९६० च्या आधीच्या तबकड्यांवर कंपनीचा तो हक्क उरलेला नाही. गीतकार-संगीतकारांचे हक्क वेगळे मोजले जातात, तेवढं भान ठेवावं लागतं. पण सोपेपणाबरोबर एक आळसही आला. गाणं पुढे पाठवलं जातं आणि गायकाचं नाव, क्रमांक, साल मागेच राहतं. चोरबाजारातल्या ढिगात आणि मोबाइलवरच्या अशा ढिगात मला फारसा फरक दिसत नाही. गाण्याबरोबर त्याची हकिगत द्यायची, ही या मंडळींची तीस-पस्तीस वर्षांची शिस्त आज जास्त लागते आहे.

मला एकच गोष्ट खटकत आली. ‘द रेकॉर्ड न्यूज’ मुख्यतः इंग्रजीत आहे. जगभरच्या अभ्यासकांपर्यंत जायला ते लागणारच. पण ज्या मराठी घरांच्या माळ्यांवर या प्लेटा पडल्या आहेत, त्यांच्यापर्यंत ही विद्या मराठीतून, साध्या पुस्तिकेसारखी पोचायला हवी होती. कोणत्याही केंद्राने हे मनावर घेतलं तर आमच्या सिंदखेड राजा, मेहकर, चिखली, लोणार भागातून किती तरी रेकॉर्ड बाहेर येतील अशी माझी खात्री आहे. इथली घरं जुनी आहेत आणि माणसं वस्तू टाकून देणारी नाहीत.

तोवर निदान एवढं करता येईल. माळ्यावर प्लेट सापडली तर ती आडवी रचू नका, उभी ठेवा, कारण आडव्या ढिगात खालची तडकते. उन्हात ठेवू नका, लाख वाकते. पुसताना स्पिरिट अजिबात वापरायचं नाही, लाख त्यात विरघळते. सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं खाचांच्या दिशेने फिरवा आणि लेबलाला पाणी लागू देऊ नका. जुन्या फोनोवर लोखंडी सुईने लावण्याचा मोह टाळा, तिने खाचा खरवडल्या जातात. मग दोन्ही बाजूंच्या लेबलांचा आणि कडेला कोरलेल्या क्रमांकाचा स्वच्छ फोटो घ्या. ही प्लेट घरात कुणी आणली आणि कुठल्या लग्नात वाजायची, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून त्या फोटोमागे लिहून ठेवा, आणि अमरावतीला किंवा सोलापूरला कळवा.