मानमोडी, राणीखेत आणि नवापूर

काही वर्षांपूर्वी मनमाडला शिक्षकांच्या एका मेळाव्यात बर्ड फ्लूवर बोललो. व्याख्यान संपल्यावर मागच्या बाकावरच्या एक बाई उठल्या. "सर, कोंबडी नीट शिजवली की विषाणू मरतो म्हणता. मग नवापूरला लाखो कोंबड्या का मारल्या? खाणाऱ्याला भीती नव्हती, तर त्यांना मारायचं कारण काय?"

प्रश्न मला आवडला. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

आपल्याकडे 'मानमोडी' हा शब्द दोन रोगांसाठी वापरला जातो. १९१८ साली इन्फ्लुएंझाची जी जागतिक साथ आली, तिला खेड्यापाड्यांत मानमोडी म्हणत. ती मुंबईत उतरली आणि रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेली. भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. दुसरी मानमोडी कोंबड्यांची. पुस्तकात तिचे नाव राणीखेत. १९२०च्या दशकात हिमालयातल्या राणीखेत गावी ती नोंदली गेली म्हणून हे नाव. इंग्लंडात तीच न्यूकॅसल या गावाच्या नावाने ओळखली जाते. तिचा विषाणू इन्फ्लुएंझाच्या कुळातला नाही.

पण कोंबड्यांमध्ये इन्फ्लुएंझाही होतो आणि तोही पूर्वीपासून. १८७८ साली इटलीत पेरोनचितो यांनी पक्ष्यांच्या या प्लेगचे वर्णन केले. १९०१ मध्ये त्याचे कारण जिवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतून पार जाते, म्हणजे ते जिवाणूहून लहान आहे, हे कळले. हा कारक माणसाच्या फ्लूचा भाऊबंद आहे, हे शेफर यांनी दाखवले तेव्हा १९५५ साल उजाडले होते.

२००६च्या जानेवारी-फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पोल्ट्रीतल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. मनमाडपासून नवापूर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. ही राणीखेतच असणार, असे व्यवसायातल्या अनेकांचे म्हणणे होते. ते अगदीच चूक म्हणता येत नाही. दोन्ही रोगांत कोंबडी मलूल होते, श्वास अडखळतो, मरतुक मोठी होते. नुसते बघून फरक सांगणे अनुभवी पशुवैद्यालाही अवघड. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला उत्तर आले: एच५एन१. भारतात ही पहिलीच नोंद. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत, घराच्या अंगणातल्या कोंबड्यांतही तो सापडला. महाराष्ट्र आणि शेजारच्या गुजरात, मध्य प्रदेशाचा भाग धरून दहा लाखांच्या आसपास पक्षी मारले गेले. त्यांत कर्ज काढून उभ्या केलेल्या पोल्ट्र्या होत्या, तशा आदिवासी पाड्यांवर बाजारखर्चासाठी पाळलेल्या चार-सहा गावठी कोंबड्याही होत्या.

इकडे देशभर कोंबडीचा भाव कोसळला. रेल्वेने गाड्यांतल्या जेवणातून कोंबडी काढून टाकली. दुसरीकडे कोंबडी खुशाल खा असे मंत्री सांगत होते आणि पोल्ट्रीवाले गावोगावी फुकट चिकन वाटत होते. लोकांनी कोणावर विश्वास ठेवायचा?

आता बाईंच्या प्रश्नाकडे. विषाणूला पेशीत शिरण्याआधी आपल्या एका प्रथिनाला कात्री लावून घ्यावी लागते. सौम्य जातींना ही कात्री पक्ष्याच्या श्वसनमार्गात आणि आतड्यातच मिळते. एच५एन१च्या घातक जातींचे प्रथिन असे बदललेले असते की शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशींमधली कात्री त्याला चालते. म्हणून कोंबडी दोन-तीन दिवसांत मरते, आणि तिच्या रक्तात, मांसात, विष्ठेत, पिसांवर विषाणू असतो. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला तापले की तो निकामी होतो. आपला रस्सा त्याच्या कितीतरी पुढे उकळतो. पण पिसे उपटणारे हात, खुराडे झाडणारी बाई, पिंजऱ्यांची गाडी यांना कोणी शिजवत नाही.

१९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ माणसे आजारी पडली, ६ दगावली. चौकशीत आढळले की त्यांचा संबंध जिवंत कोंबड्यांच्या बाजाराशी होता. कोंबडी खाण्याशी किंवा शिजवण्याशी तो दिसला नाही. व्हिएतनाममध्ये बदकाचे कच्चे रक्त खाण्यावर संशय गेला, पण तो कच्च्याचा मामला.

म्हणजे नवापूरच्या कोंबड्या आपल्या ताटासाठी मारल्या नव्हत्या. त्या मारल्या शेजारच्या गावातल्या कोंबड्यांसाठी आणि पोल्ट्रीत राबणाऱ्या माणसांसाठी. शिवाय विषाणू जितक्या पक्ष्यांत वाढेल तितकी त्याला बदलायची संधी जास्त. आज तो माणसाकडून माणसाकडे सहज जात नाही, कारण त्याला चिकटायला लागणारे रेणू आपल्या फुप्फुसात खोलवर आहेत, घशात फारसे नाहीत. हे कायम राहीलच असे नाही. नवापूरला आजारी वाटलेल्या माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले. एकातही तो सापडला नाही.

आम्ही शास्त्रज्ञ मंडळी मात्र तेव्हा 'शिजवून खा' एवढेच सांगत राहिलो. खाणाऱ्याचे समाधान झाले, पाळणाऱ्याला कोणी काही समजावले नाही. कोंबडी खायला चांगली असेल तर माझी का मारता, असे अंगणात उभ्या असलेल्या माणसाला वाटले तर त्यात नवल ते काय?

बाईंना मी हे सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग तसं तेव्हाच का नाही सांगितलंत?"

२०२१च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला आणि पुन्हा लाखो कोंबड्या खड्ड्यांत गेल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा दिल्लीत एच५एन१ने दगावला. भारतातला तो पहिला.