हौशी कोण आणि मजूर कोण?

ऑलिम्पिक सामने आले की आपल्याकडे चहाच्या दुकानापासून वाचनालयाच्या पायरीपर्यंत वाद रंगतात. कुणाचे पदक काढून घेतले, कुणाला बाद ठरवले, पंचाने कुठे डोळेझाक केली, यावर आवाज चढतात. शेवटी कुणीतरी वडीलधारा माणूस म्हणतो, “अहो, नियम तो नियम!” आणि वाद मिटतो. मला मात्र वाटते की खरा वाद तेथूनच सुरू व्हावयास हवा. नियम कुणी केला, कुणासाठी केला, आणि तो करताना ज्याला तो पाळावयाचा त्याला कुणी विचारले होते काय?

ऑलिम्पिकच्या इतिहासात सर्वांत जास्त माणसे दुखावली ती हौशीपणाच्या नियमाने. खेळाडू हौशी असावा, त्याने खेळावर पैसा मिळवू नये, असा तो नियम. ऐकावयास मोठा सोज्वळ. पण हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, ते ज्याच्या घरी धान्याची कोठी भरलेली असते त्याच्यापुरते खरे असते.

या नियमाचे मूळ पाहू. इंग्लंडात थेम्स नदीवर हेन्ली येथे नौकास्पर्धा भरतात. त्यांच्या चालकांनी १८७९ साली हौशी वल्हेकऱ्याची व्याख्या केली. तीत पैशासाठी शर्यत मारणारा वगळला, हे समजण्यासारखे आहे. परंतु मजुरी घेऊन काम करणारा कारागीर, यंत्रकामगार आणि मजूरही वगळला! त्याने खेळातून एक पैही मिळवलेली नसली तरी तो हौशी नव्हे. हातांनी काम करून त्याचे दंड बळकट होतात, म्हणून सामना बरोबरीचा होत नाही, असे समर्थन केले जाई. दिवसभर राबून थकलेला माणूस आणि दिवसभर सराव करणारा माणूस यांत बरोबरी कुठली, हे मात्र कुणी विचारले नाही.

१९२० साली फिलाडेल्फियाच्या जॉन केली याचा अर्ज हेन्लीच्या चालकांनी नाकारला. त्याच्या क्लबावर आधीपासून बंदी होती, हे एक कारण; आणि केलीने गवंडीकाम केलेले होते, हे दुसरे. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकेच्या अंतिम शर्यतीत या गवंड्याने इंग्लंडच्या जॅक बेरेसफर्डला एका सेकंदाने मागे टाकले. पुढे १९३६ साली ऑस्ट्रेलियाच्या ऑलिम्पिक चमूतील वल्हेकरी पोलीस शिपाई होते म्हणून त्यांनाही हेन्लीत उतरू दिले नाही. त्यावर बोभाटा झाला आणि १९३७ साली ते कलम गेले. केलीच्या मुलाने त्याच हेन्लीत १९४७ व १९४९ साली एकेरीची शर्यत जिंकली.

आता जिम थॉर्पची हकीकत. हा अमेरिकेतील सॅक अँड फॉक्स या मूळ रहिवासी जमातीचा तरुण. १९१२ साली स्टॉकहोम येथे त्याने पंचक्रीडा व दशक्रीडा दोन्ही जिंकल्या. दशक्रीडेत तर दुसऱ्या क्रमांकाचा वीसलँडर जवळजवळ ७०० गुणांनी मागे राहिला. जानेवारी १९१३ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली की १९०९ व १९१० साली थॉर्प नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ मोबदला घेऊन बेसबॉल खेळला होता. कॉलेजातील इतर मुलेही उन्हाळ्यात असे खेळत. शहाणी मुले खोटे नाव लावीत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. त्याने पत्र लिहून सर्व कबूल केले. पदके गेली, नोंदीतून नाव गेले.

कामगारांच्या चौकशीत आम्ही आरोपपत्रावर सर्वांत आधी तारीख पाहतो. येथेही ती पाहू. स्टॉकहोमच्या नियमांप्रमाणे हरकत सामने संपल्यापासून ३० दिवसांच्या आत घ्यावयास हवी होती. ती आली सुमारे सहा महिन्यांनी. म्हणजे ज्यांनी थॉर्पवर नियम चालवला त्यांनी स्वतः नियम मोडला होता. थॉर्प १९५३ साली वारला. १९८२ साली त्याला संयुक्त विजेता ठरवले. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव नोंदले गेले ते २०२२ साली. ११० वर्षांनी मिळालेला न्याय!

तिसरे उदाहरण घोडेस्वारीचे. १९४८ साली लंडनला स्वीडनच्या चमूने ड्रेसाज या प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्यांतील गेनॉल पेर्सन हा हुद्द्याने सार्जंट. सैन्यातील स्वार असेल तर तो अधिकारीच असावा, असा नियम होता. म्हणून त्याला सामन्यापुरते लेफ्टनंट केले आणि नंतर पुन्हा खाली उतरवले. हे उघड झाल्यावर १९४९ साली पदक काढून घेतले. घोडा तोच, स्वार तोच, फक्त खांद्यावरची पट्टी बदलली! १९५२ च्या आधी तो नियम सैल झाला आणि पेर्सनसह स्वीडनने हेलसिंकीला पुन्हा सुवर्ण जिंकले.

त्याच हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक मिळवून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी दिली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. हौशी खेळाडूची हौस अशी दुसऱ्याच्या घरावर कर्ज चढवून पुरी होत होती. ज्या नियमाने खेळाडूला मोबदला नाकारला, त्याने खर्च मात्र माफ केला नव्हता.

कुणी म्हणेल, मग नियमच नकोत काय? तसे मी म्हणत नाही. पैसा शिरला की जुगार शिरतो, ठरवून हरणे शिरते, ही भीती खोटी नव्हती. परंतु लबाडीला बंदी करणे वेगळे आणि गरिबीला बंदी करणे वेगळे. पुढे हौशीपणाचा आग्रह ढिला पडत गेला आणि १९९२ साली बार्सिलोनाला अमेरिकेचे धंदेवाईक बास्केटबॉलपटू उघडपणे खेळले. त्याने आभाळ कोसळले नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कट्ट्यावर वाद निघाला की तीन प्रश्न विचारावेत. नियम सर्वांना सारखा लागू होता काय? तो आधी ठाऊक करून दिला होता काय? आणि तो चालवणाऱ्यांनी स्वतःही पाळला काय? यांत मी चौथा घालीन: तो करताना खेळाडूला विचारले होते काय? आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने खेळाडूंचे मंडळ नेमले ते १९८१ साली. तोवर ८७ वर्षे ही समिती खेळाडूंचे नियम करीत होती. कारखाना असो की क्रीडांगण, घाम गाळणाऱ्याला बैठकीत जागा मिळावयास उशीरच लागतो. पण ती मिळाल्यावाचून “नियम तो नियम” हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार कुणालाच पोहोचत नाही.