थांबलेल्या चाकांपाशी

वाहनांचे संग्रहालय म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एखाद्या संस्थानिकाची चकाकती रोल्स-रॉइस उभी राहते. ती जरूर पाहावी. पण या विषयात शिरायचे तर सुरुवात तिथून करू नये, असे बऱ्याच भटकंतीनंतर माझे मत झाले आहे. जिच्यात रोज शेकडो माणसे चढली-उतरली, जिच्या पायऱ्या झिजल्या, जिला कुणी तरी ठिगळ लावून आणखी चार वर्षे चालवले, ती गाडी अधिक बोलकी असते. अशा गाड्या बहुधा आडबाजूला भेटतात: बसच्या आगारात, निवासी वसाहतीतल्या घरात, रेल्वेच्या जुन्या आवारात. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या वाटेवर अशी चार-पाच ठिकाणे आहेत. वाचकांनी निदान एकदा ती रस्त्यानेच जाऊन पाहावीत. खंडाळ्याचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढून आलेल्या माणसाला चढ म्हणजे काय ते निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आरंभ मुंबईत, बेस्टच्या आणिक आगारात करावा. इथे जुनी तिकिटे, तिकिटांची यंत्रे आणि ट्रामच्या प्रतिकृती आहेत. पाहायला फार वेळ लागत नाही, मात्र आधीचा इतिहास थोडा ठाऊक असला तर पाय निघत नाही. मुंबईत 9 मे 1874 रोजी पहिली ट्राम धावली ती घोड्यांनी ओढलेली. उन्हाळ्यात त्या घोड्यांच्या डोक्यावर टोप्या घालत असत. कुलाबा ते पायधुणी भाडे होते तीन आणे, आणि सुरुवातीला तिकीटच नव्हते! तिकिटाचा तो इवलासा कागद हाही कुणाला तरी सुचावा लागला, हे लक्षात घेऊन त्या काचेच्या पेटीपुढे उभे राहा. पुढे 1907 मध्ये विजेची ट्राम आली. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली, आणि 31 मार्च 1964 च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. म्हणजे ट्राम आणि बस अडतीस वर्षे एकाच शहरात शेजारी नांदल्या. नवे वाहन आले की जुने लगेच नाहीसे होते, हा आपला समज इथे पहिल्यांदा ढळतो.

पुण्यातली दोन ठिकाणे खासगी छंदातून उभी राहिलेली आहेत. कर्वेनगरचे विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय 2017 मध्ये खुले झाले. भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय त्याहून जुने, 1998 चे. मुलांना घेऊन निघाला असाल तर जोशींकडे आधी जा. सायकलींमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांची बीएसए तेवढी चुकवू नका. ती मधोमध दुमडते. बीएसए कंपनी मुळात बर्मिंगहॅमची, बंदुका बनवणारी, आणि तिच्या चिन्हात उभ्या केलेल्या तीन रायफली असतात. सायकलवर बंदूक कशासाठी, हे कोडे तिथे सुटते.

यानंतर अहिल्यानगर, आपले जुने नगर. इथले रणगाड्यांचे संग्रहालय 1994 चे. रणगाडा हे वाहन आहे का, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझे उत्तर असे की, चाक आणि माती यांचे भांडण समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाडी रुतते, कारण सगळे ओझे लोखंडी धावेच्या अरुंद पट्टीवर येते. रणगाड्याने आपला रस्ता स्वतःबरोबरच घेतलेला असतो: साखळपट्टा पुढे अंथरायचा, त्यावरून जायचे, मागून गोळा करायचा. ओझे पसरते, म्हणून कित्येक टनांचे धूड मऊ रानातून निघून जाते. तरी मातीचा विजय होतोच. 1965 मध्ये असल उत्तरच्या लढाईत पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फसले होते. नगरला एक पॅटन आहे, ब्रिटिशांचे माटिल्डा आणि चर्चिल आहेत, आणि आवडी इथल्या कारखान्यात तयार झालेला आपला विजयंतही आहे. एकाच चकरेत सगळे उरकू नका. दोघांचेच पट्टे शेजारी ठेवून पाहा, त्यांची रुंदी पावलांनी मोजा.

नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. मला सर्वांत प्रिय हेच. रुळांमधले अंतर अडीच फूट, 762 मिलिमीटर. आपल्या नेहमीच्या ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी. एवढी अरुंद गाडी कशाला, असे वाटेल. सातपुड्यात डोंगर फोडत बसण्यापेक्षा त्याला वळसा घालणे स्वस्त, आणि अरुंद गाडी तीव्र वळण घेऊ शकते. या हिशेबावर विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे रेल्वेचे जाळे पसरले, आणि नागपूर–छिंदवाडा गाडी रुंदीकरणासाठी 2015 मध्ये थांबेपर्यंत लोकांनी ती रोजच्या बाजारहाटाला वापरली. नागपूरकर तिच्याविषयी घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखे बोलतात.

आता थोडे व्यवहाराचे. निघण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्यावी. सुट्टीच्या दिवशी बंद फाटकापुढे डबा उघडून जेवण्याचा अनुभव प्रस्तुत लेखकाला आहे. लष्करी ठिकाणी ओळखपत्र जवळ असू द्या. एक लहान विजेरीही ठेवा, कारण माहितीचे फलक गाडीच्या दर्शनी भागाबद्दल असतात आणि तिची खरी हकीकत खाली वाकल्यावर दिसते: बदललेली स्प्रिंग, दुसऱ्याच गाडीचा नटबोल्ट, वितळवून जोडलेला सांधा. इंजिन असेल तर त्याच्या कुशीला बहुधा एक धातूची पाटी असते. कारखान्याचे गाव, क्रमांक, साल. रंगाचे थर चढून अक्षरे बुजली असली, तर विजेरी आडवी धरा. सावलीत ती वाचता येतात.