पाठीवरून आणलेला पांडुरंग

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला आणि थोड्याच महिन्यांत तो पुण्याला पोचला. रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण उंदरावरची पिसू तो माणसाला देते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवले ते १८९८ मध्ये. म्हणजे १८९७ च्या आरंभी रोग्याजवळ जाणारा माणूस अंधारातच पाऊल टाकीत होता.

सावित्रीबाई फुले तेव्हा ६६ वर्षांच्या. जोतीराव जाऊन सहा वर्षं झालेली. घरी बसल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती! पण १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाच्या अन्नछत्रासाठी राबलेली बाई ती. दत्तक मुलगा यशवंत लष्करात डॉक्टर होता. त्याला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. रोगी आणायला बाई स्वतः जात.

मुंढव्याला गावकुसाबाहेरच्या वस्तीत बाबाजी गायकवाडांचा पांडुरंग प्लेगने पडल्याचं कळलं. त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. पोर वाचलं. बाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

रँडसाहेबाच्या सोजिरांनी पुण्यात घरझडत्या सुरू केल्या त्या १३ मार्चला. वर्गात आपण मास्तर मंडळी रँड आणि चाफेकर सांगतो. तीन दिवस आधीचा हा माळ सांगायचा राहून जातो.

यशवंतराव पुन्हा नोकरीवर रुजू झाले. १९०५ साली प्लेगच्या रोग्यांवर उपचार करता करता तेही त्याच रोगाने गेले.